जिनवाल्या बाईंची लाल सुई

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या घरी जेवताना ज्या स्त्रीविषयी सर्वांत अधिक बोलले जाई, तिला मी पाहिलेही नव्हते. पानात भाकरी पडे, वरणावर तेलाची फोडणी चुरचुरे, आणि माझे यजमान पहिल्या घासासरशी म्हणत, "आज जिनवाल्या बाईंनी काय केलं, ऐक." मी ऐकत असे. ऐकताना हातातील भाकरी थोडी अधिक थापली जाई आणि कडांनी फाटे.

यजमान हिंगणघाटच्या वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. तेही घरगुती मीटरांचे नव्हेत, मोठ्या ग्राहकांचे. गावात कापसातून सरकी काढणाऱ्या जिन होत्या, गठाणी बांधण्याचे प्रेस होते, आणि कंपनीची बहुतेक वीज तेच पीत. त्यांतील एक जिन वणा नदीच्या बाजूला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. तिचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते. कारखाना विकला जाईल असे गाव धरून चालले असता त्यांच्या पत्नीने किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवला. त्याच या जिनवाल्या बाई.

मोठ्या ग्राहकांच्या मीटरमध्ये दोन सुया असत, हे मला जेवणाच्या पानावरच कळले. काळी सुई विजेच्या ओढीबरोबर चढे आणि उतरे. चढताना ती आपल्यापुढील लाल सुईला ढकलत नेई. मग काळी मागे फिरे, पण लाल सुई मात्र जेथवर ढकलली गेली तेथेच थांबे. महिन्यातील एखाद्याच अर्ध्या तासात कारखान्याने अधाशीपणा केला, तरी लाल सुई ती गोष्ट महिनाअखेरपर्यंत विसरत नसे. यजमान जात, शिशाचे सील तोडत, सुईचा आकडा टिपून घेत, तिला स्वतःच्या हाताने शून्यावर आणत आणि नवे सील दाबत. त्या आकड्यावर ग्राहकाचा दर ठरे.

"बाकीचे मालक सकाळी आले की सगळंच एकदम सुरू करतात," यजमान सांगत. "बाई तसं करत नाहीत. आधी यंत्रांची एक ओळ, ती स्थिर झाली की दुसरी. आणि जिन चालू असताना प्रेस कधीच नाही. प्रेसला त्यांनी वेगळी वेळ दिली आहे. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. काचेपाशी उभं राहून नुसतं बघून शिकल्या."

"शिकल्या असतील," मी म्हणे.

"त्यांची लाल सुई बघ कधी. एखाद्या गरतीसारखी जागच्या जागी असते."

ही उपमा त्यांनी माझ्यासाठी कधी वापरली नव्हती. कोणतीच वापरली नव्हती. मी वर्ध्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी. वडिलांच्या मांडीवर बसून वृत्ते मोजायला शिकले होते, आणि वह्यांच्या वह्या कविता लिहिल्या होत्या. लग्नात त्या वह्या लोखंडी पेटीच्या तळाशी घालून आणल्या. यजमानांनी एकदा एक वही उघडून पाहिली होती. "अक्षर फार सुरेख आहे," इतकेच म्हणून त्यांनी ती जपून मिटली होती.

मत्सराला वास असतो, हे मला त्या हिवाळ्यात समजले. माझ्या मत्सराला सरकीचा वास होता. यजमान जिनमधून परतत तेव्हा त्यांच्या कोटाला तो दमट, तेलकट, किंचित गोडसर वास येई आणि भुवयांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले असत. मी कोट झटकायला अंगणात नेई. तंतू उन्हात तरंगत, आणि माझ्या मनात येई की यातील एखादा तिच्याही भुवईवर असेल.

त्याच वर्षी आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कंपनीचे कागद तोवर इंग्रजीत आणि हिंदीत निघत. आता ते मराठीतही हवेत असे ठरले. कचेरीतल्या कोणालाही ते नीट जमेना. दिवाळीनंतर यजमान एक हिंदी कागद घरी घेऊन आले आणि जरा संकोचाने म्हणाले, "हे मराठीत करून देशील? सहा प्रती लागतील. मोठे ग्राहक सहाच आहेत."

तो नव्या दराचा कागद होता. आजवर लाल सुईचा आकडा त्या त्या महिन्यापुरता धरला जाई. यापुढे हंगामातील सर्वांत वरचा आकडा उरलेल्या हंगामभर लागू राहणार होता. मी ते हिंदी वाक्य बराच वेळ चघळले. मग लिहिले: "एका दिवशी सुई जितकी चढेल, तितका भार पुढे हंगाम संपेपर्यंत आपल्या खाती राहील, म्हणून यंत्रे एकामागून एक सुरू करावीत, आणि जिन व प्रेस यांस एका वेळी जुंपू नये." 'जुंपू' हा शब्द सुचला तेव्हा मला एखादी ओळ वृत्तात बसावी तसा आनंद झाला. पौर्णिमेवर कविता लिहितानाही तो कधी झाला नव्हता.

दोन दिवसांनी यजमान जेवताना म्हणाले, "बाईंना कागद फार आवडला. डोळ्याजवळ धरून, बोट फिरवत दोनदा वाचला. म्हणाल्या, कंपनीले आता कुठं बोलता येऊन राह्यलं."

माझा हात परातीत थांबला. "मग तुम्ही सांगितलंत का, मी लिहिला म्हणून?"

"छे. कंपनीचा कागद घरी लिहून घेतो हे काय सांगण्यासारखं आहे?"

"मग त्यांना काय वाटलं? कोणी लिहिला?"

ते जरा हसले. "मीच, असं वाटलं असावं."

त्या हसण्यात लबाडी नव्हती. लाजलेल्या माणसाचे ते हसणे होते, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. माझे शब्द घेऊन ते तिच्यापुढे उभे राहिले होते. तिने ज्या शब्दांवरून बोट फिरवले ते माझे होते, आणि तिच्या मनात उमटलेला माणूस मात्र ते होते. मला आयुष्यात प्रथमच एक वाचक मिळाली होती आणि तिला माझे अस्तित्वही ठाऊक नव्हते.

पौषात दुसरा कागद आला. सोमवारी सकाळपासून मुख्य वाहिनीचे काम निघणार होते. दुपारपर्यंत वीज बंद. मोठ्या ग्राहकांना शनिवारीच कळवायचे, म्हणजे कापसाच्या बैलबंड्या त्या दिवशी येऊ नयेत असा निरोप त्यांना गावोगाव धाडता येईल. शुक्रवारी संध्याकाळी मी लिहायला बसले. यजमान खिळ्याला कोट अडकवता अडकवता म्हणाले, "बाईंची प्रत जरा मोठ्या अक्षरात काढ. त्यांना बारीक वाचायला त्रास होतो."

मी मोठ्या अक्षरात काढली. इतक्या सुंदर अक्षरात मी माझी एकही कविता उतरवलेली नाही. शाई वाळल्यावर मी ती प्रत उचलली, पेटी उघडली, आणि कवितेच्या एका वहीत ठेवून दिली.

सकाळी शिपाई आला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, आणि तेव्हापासून त्याचा सदरा नेहमी पांढराशुभ्र असे. पावतीची वही तो छातीशी धरून हिंडे. ज्याला कागद दिला त्याची सही घ्यायची आणि त्या सहीसमोर स्वतःच्या हाताने तारीख घालायची, हा त्याचा शिरस्ता. त्याने कागद मोजले.

"वयनी, पाचच काऊन? मागं तं सहा होते."

"एक सोमवारी सकाळी देते. नीट निघाला नाही."

"कोणाचा राह्यला? जिनवाल्या बाईचा?" त्याने नावे वाचूनच ओळखले होते. "सोमवारी न्यायचा तं न्यायचा. पण तारीख सोमवारचीच पडंल, हां. आंधीची तारीख टाकाची आपल्याले सवय नाई."

"टाका," मी म्हटले. त्या क्षणी मला एवढेच हवे होते की एकदा तरी त्या बाईचे काही चुकावे, आणि यजमानांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावे.

सोमवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून येणारी जिनच्या यंत्रांची गुणगुण थांबली. हंगामभर ती इतकी सतत असे की ऐकू येत नसे; थांबल्यावर मात्र कानांत पोकळी झाल्यासारखे वाटले. आठच्या सुमारास मी शिपायाच्या हाती सहावा कागद ठेवला. तोवर वडनेरच्या आणि समुद्रपूरच्या बाजूने रात्रभर चालत आलेल्या बंड्या नदीकडे वळताना मी दारातून पाहत होते. चाकांचा करकराट, बैलांच्या गळ्यातील घुंगरे, ताडपत्रीखाली पांढरे डोंगर. इतर जिनांच्या वाटा त्या दिवशी मोकळ्या होत्या. सगळ्या बंड्या एकाच आवारात शिरत होत्या.

वीज दुपार टळल्यावर आली. भिंत पुन्हा गुणगुणू लागली. मी तांदूळ निवडत होते. थोड्या वेळाने त्या गुणगुणीखाली दुसरा आवाज सुरू झाला: जड, थांबून थांबून पडणारा, जमिनीतून पायांच्या तळव्यांना लागणारा. तो प्रेस होता. हंगामात मी ते दोन आवाज एकत्र कधीच ऐकले नव्हते. जिन आणि प्रेस एका वेळी जुंपले गेले होते. मी सूप खाली ठेवले आणि दिवेलागणीपर्यंत तशीच बसून ते ऐकले.

संध्याकाळी यजमान घरी आले. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी पानातच ठेवला.

"बाईंची सुई चढली," ते म्हणाले. "कधी नव्हती इतकी. आता हंगामभर तोच आकडा."

"त्यांनी चूक केली तर मग," मी म्हटले. आवाज मला हवा तितका स्थिर निघाला.

"चूक त्यांची नाही. कागद त्यांना आज सकाळी मिळाला. पावतीच्या वहीत सोमवारची तारीख आहे." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. "मी तुझ्याकडून सहा प्रती शुक्रवारीच लिहून घेतल्या. म्हणजे शिपायाने एक कुठेतरी ठेवली आणि विसरला. बाई तक्रार करणार, आणि करायलाच हवी. चौकशी होईल. त्याची नोकरी जाईल, दुसरं काय."

मला वाटले होते की बाईंचे रूप त्यांच्या मनात थोडे उणे होईल. ते तसूभरही उणे झाले नव्हते, आणि मध्येच तो पांढरा सदरा येऊन उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी यजमान कचेरीत गेल्यावर मी डोक्यावरून पदर घेतला आणि नदीकडे चालू लागले.

जिनच्या आत हवा पांढरी होती. यंत्रांसमोर ओळीने बसलेल्या बाया ओंजळी भरभरून कापूस लोटत होत्या. त्यांचे केस, पापण्या, ओठांवरची लव, सारे कापसाने माखलेले. मी ज्या स्त्रीची कल्पना केली होती ती मला तिथे दिसली नाही. एक ठेंगणी, रुंद हाडापेराची, भेगाळ टाचांची बाई लुगड्याचा ओचा वर खोचून तेलाच्या बुधलीने एका यंत्राच्या आसांना तेल देत होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

"मीटरसायेबाच्या घरची का तू?" तिने बुधली न ठेवताच विचारले. "बस. अठी पाट नाई, गठाणीवर बस."

मी बसले. मागे भिंतीवर तो मीटर होता. काचेआड लाल सुई एका बाजूला जाऊन टेकली होती. मी प्रथमच ती पाहत होते. माझ्या मनात होती त्याहून ती फार लहान निघाली, शिवणाच्या सुईएवढी.

"बरी आलीस," ती म्हणाली. "मुनीम गावाले गेला. कंपनीले तक्रारीचा कागद द्याचा आहे, अन् माह्या हातानं लिवणं होत नाई. तुले लिहिता येते नं?"

मी होय म्हटले. तिने दौत, टाक आणि कोरा कागद आणून गठाणीवर ठेवला. "लिही मंग. सूचना वेळेवर भेटली नाई, म्हनून लिही."

मी लिहिले. सूचना शुक्रवारीच तयार होती, असे लिहिले. शिपायाने ती मागितली होती, त्याने काही विसरले नाही, असे लिहिले. जिने ती लिहिली तिनेच ती जाणूनबुजून दोन दिवस रोखून धरली, असे लिहून मी टाक खाली ठेवला. मग माझे लेखन आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे तरी मोठ्याने वाचून दाखवले. यंत्रांच्या आवाजात मला दोनदा थांबून पुन्हा वाचावे लागले.

ती ऐकत राहिली. मग तिने माझ्या हातातील कागद घेतला, डोळ्याजवळ नेला, आणि एका अक्षरावरून बोट फिरवले.

"हे तं त्याच कागदाचं अक्षर आहे," ती सावकाश म्हणाली. "मले वाटे सायेबच लिहते."

"मी लिहिते."

"काऊन केलं असं?"

"घरी रोज तुमच्याविषयीच बोलणं असतं."

तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती, पण आवाज यंत्रांत बुडून गेला होता. "माह्याविषयी, का या सुईविषयी? पोरी, तुह्या नवऱ्यानं दोन महिन्यांत माह्या तोंडाकडे पाह्यलं नाई. तो काचेशी बोलते. मी बाजूले उभी राह्यते, एवढंच."

ती गठाणीच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"पण खरं सांगू? मले ते बोलणं बरं वाटे. मालक गेले तवापासून जो येई तो दुःखाचंच बोले. कामाचं कोणी बोलत नव्हतं माह्याशी." तिने लुगड्यावरचा कापूस झटकला. "काल आवार भरलं होतं. बैल तहानले होते, लोक रातभर चालून आलते. सुई चढंल हे मले मालूम होतं. पण त्यायले वापस कसं पाठवाचं? रुई ठेवाले जागा नव्हती, म्हनून दोन्ही चालवलं. जे चढली ते चढली."

तिने तो कागद चार घड्या करून किल्ल्यांच्या शेजारी कमरेत खोचला.

"हा मी देत नाई. पण घरी तू सांगजो. माह्या तोंडून त्यायले कळलं नाई पाह्यजे."

मला तिच्या रागाची भूक होती. ती रागावली असती तर मी तिच्या बरोबरीची झाले असते. घरी परतताना माझ्या पदराला सरकीचा वास येत होता, आणि मी तिचा पूर्वी कधी केला नव्हता इतका मत्सर करत होते.

संध्याकाळी मी सांगितले. यजमानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "तक्रार नाही केली त्यांनी?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "नाहीच करणार." त्या दोन शब्दांत जो आदर होता तो मी जन्मभर वेचून खाल्ला तरी संपणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत जाऊन सांगितले की उशीर शिपायाचा नव्हे, आपल्या घरातला आहे. कोणाचा, ते सांगितले नाही. शिपायाची नोकरी राहिली. यजमानांकडून मोठे ग्राहक काढून घेतले आणि गल्लीबोळांतील घरगुती मीटर त्यांच्याकडे दिले. त्या मीटरांत लाल सुई नसते. मराठी कागद कचेरीतला एक कारकून लिहू लागला.

मी जे मागितले होते ते मला पुरेपूर मिळाले होते. यजमान आता नदीकडे जात नसत. कोटाला सरकीचा वास नव्हता, झटकायला एक तंतू नव्हता. ते वेळेवर येत, पाटावर बसत, मुकाट्याने जेवत. घराघरांतल्या दिव्यांविषयी सांगण्यासारखे काय असणार? वरणाची फोडणी विझल्यावर आमच्यात ऐकू येई ती फक्त भिंतीतली गुणगुण, आणि ती ऐकताना त्यांचा घास हातातच थांबे. माझ्या ते लक्षात येई. ते यंत्रांची ओळ मोजत असत.

माघ संपता संपता शिपाई कारकुनाचा एक कागद घेऊन आमच्या दारी आला. "जिनवाल्या बाईनं धाडला," तो म्हणाला. "म्हने, हे काय लिवलं ते वयनीकून समजून घे. मले तं अर्ध्यात झोप लागली." मी ओट्यावर बसून कागद वाचला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात सोपा करून लिहिला आणि परत दिला. जाता जाता तो म्हणाला, "नव्या तपासनिसानं काल सुई पाह्यली. बाईनं महिनाभर प्रेस सकाळीच चालवला." आणि त्याने पुन्हा खाली आलेला आकडा सांगितला.

त्या संध्याकाळी पान वाढल्यावर मी म्हणाले, "जिनवाल्या बाई प्रेस आता सकाळी चालवतात."

यजमानांनी मान वर केली. कित्येक आठवड्यांनी त्यांनी जेवताना माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि ते पाहणे माझ्यासाठी नव्हते हे मला स्वच्छ कळत होते. आतून तोच जुना काटा वर सरकला.

"आणि सुई?" त्यांनी विचारले.

आकडा मला माहीत होता. मी त्यांच्या पानात भाकरी वाढली, वरण वाढले, मिठाचे भांडे पुढे सरकवले. त्यानंतर सांगितला.